विचारा बिनधास्त : केकचा इसेन्स वेपमध्ये चालतो का?

मागच्या अंकात वेपवर (म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटवर) चार ओळींचं उत्तर दिलं होतं, निकोटीन नसलं तरी ती वाफ फुफ्फुसाला परकीच एवढंच लिहिलेलं, आणि त्यावर जी पत्रं नि मेसेज आलेत ते बघून यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. गंमत म्हणजे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेकांनी विचारलंय ते एकाच फ्लेवरबद्दल, चॉकलेट. आंबा नाही, कोकम नाही, चॉकलेट! नावं छापत नाहीये, फक्त गावं, तेव्हा हा अमक्याचा मुलगा तर नव्हे असं शोधत बसू नका.

प्रश्न : सर, मी जहाजावर असतो, सध्या सुट्टीवर घरी. दुबईवरून रिफिलवाला पॉड (लिक्विड भरून वापरायचं छोटं वेप) आणलाय. तिकडचं लिक्विड संपलं, इथं चोरून मिळतं ते डुप्लिकेट आणि भाव ऐकून घाम फुटतो. म्हटलं घरीच बनवू. मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं, कणकवलीत केकच्या सामानाच्या दुकानातून चॉकलेट इसेन्स, वर घरातली थोडी कोको पावडर. दोन-चार झुरक्यांत कॉइल (आतली तापणारी तार) जळली, कडूजहर चव आणि रात्रभर खोकला. माझं प्रमाण चुकलं का? चॉकलेटचं बरोबर प्रमाण काय ते सांगा ना. – मालवण

उत्तर : प्रमाण नाही रे बाबा, वस्तूच चुकल्या. आणि प्रमाण मी देणारही नाहीये. कायद्याचं कारण खाली कुडाळकरांच्या उत्तरात येईलच, पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी द्यावंसं वाटत नाही, आणि ते का हे सविस्तर सांगतो कारण नुसतं 'नको करू' म्हटलं तर तू ऐकणाऱ्यातला नाहीस हे पत्रावरूनच दिसतंय.

आधी कोको पावडर घे. ती दुधातसुद्धा विरघळत नाही, कप तसाच ठेवला की तळाला गाळ बसतोच. वेपच्या तारेभोवती कापूस असतो, तो लिक्विड पितो, तार तापते आणि लिक्विडची वाफ होते. ज्याची वाफ होते ते उडून जातं, ज्याची होत नाही ते तारेवर बसून करपतं. कोको पावडरमध्ये स्टार्च, तंतू, प्रथिनं आणि वर साधारण १० ते २२ टक्के चरबी, यातलं काहीच सरळ उडून जाणारं नाही. म्हणजे तू पावडर तारेवर भाजलीस आणि तो धूर छातीत घेतलास. खोकला आला ते बरंच झालं म्हणायचं.

त्यातली चरबी हा वेगळाच विषय आहे. आपल्याकडे तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना नाकात तेलाचे थेंब सोडायची जुनी पद्धत, आणि बालरोगतज्ज्ञ ती बंद करा म्हणून आज कित्येक वर्षं ओरडतायत, कारण तेल घशाऐवजी फुफ्फुसात उतरलं तर तिथून ते बाहेर काढायची सोय शरीराकडे जवळजवळ नाहीच. पोटात तेल पचवणारे रस आहेत, फुफ्फुसात नाहीत. तिथं पांढऱ्या पेशी ते तेल गिळून फुगून बसतात, सूज येते, त्याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप करणारी पोरं धडाधड हॉस्पिटलात भरती व्हायला लागली होती ते आठवत असेल, फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं अशा २,८०७ केसेस आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तपास केला तर बहुतेकांच्या वेपमधल्या लिक्विडच्या नळीत गांजाचा अर्क होता आणि तो घट्ट दिसावा म्हणून घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, म्हणजे तेलकट पदार्थच. हे व्हिटॅमिन ई अंगाला लावायच्या क्रीममध्ये असतं, पोटात घ्यायच्या गोळ्यांमध्ये असतं, तिथं काही होत नाही. त्यामुळे कोको पावडर, कोको बटर, वितळवलेलं चॉकलेट, खोबरेल, तूप, ह्यातलं काहीही तापवून ओढायच्या भांड्यात घालायचं नाही, थेंबभरसुद्धा नाही.

आता तू म्हणशील, ठीक आहे, पावडर काढतो, नुसता इसेन्स घालतो. तो तर खाण्याचाच आहे ना, बाटलीवर फूड ग्रेड लिहिलंय. सगळे इथंच फसतात. फूड ग्रेड म्हणजे खाल्लं तर चालेल, इतकंच. पोटात गेलेली गोष्ट आधी आम्लात, मग आतड्यात, मग लिव्हरमधून गाळून रक्तात जाते. ओढलेली गोष्ट सरळ रक्तात, मध्ये चाळणच नाही. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, अमेरिकेत फ्लेवर बनवणाऱ्या कंपन्यांची जी फेमा नावाची जुनी संघटना आहे, जी खाण्याचे फ्लेवर सुरक्षित आहेत की नाहीत त्याची यादी ठेवते, तिनंच जाहीर सांगितलंय की आमची यादी खाण्यापुरती आहे, ती वेपला लावू नका. ज्यांचा धंदाच फ्लेवर विकण्याचा ते असं म्हणतायत म्हणजे बघ. शिवाय केकच्या इसेन्सचा बेस कशाचा आहे, प्रॉपिलीन ग्लायकॉल (वेपच्या लिक्विडमध्येही असतो तो द्रव) की अल्कोहोल की तेल, हे बऱ्याच छोट्या बाटल्यांवर धड लिहिलेलंही नसतं, रंग आणि साखर असेल ती वेगळीच.

पण समजा तू परदेशातून खास वेपसाठीचा म्हणून विकला जाणारा चॉकलेट फ्लेवर मिळवलास. तरीसुद्धा चॉकलेट हा सगळ्यात त्रासदायक फ्लेवर आहे, आणि हे तिकडचे घरी मिक्स करणारे हौशी लोक स्वतःच कबूल करतात. ती माणसं हौशी म्हटली तरी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, हातमोजे, प्रत्येक बाटलीवर तारीख, मग ती अंधाऱ्या कपाटात आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायची, असा सगळा साग्रसंगीत कार्यक्रम असतो, आणि एवढं करून चव येते ती कधी जुन्या पुठ्ठ्याची तर कधी जळक्या कोकोची.

असं का होतं तर चॉकलेट हा एक वास नाहीच मुळी. भाजलेल्या कोकोत वासाची ६०० हून जास्त रसायनं सापडलीयत. भाजका, शेंगदाण्यासारखा जो वास येतो तो पायराझीन जातीच्या रसायनांचा, गोडसर वास व्हॅनिलिनचा, माल्टसारखा वास काही अल्डिहाइडांचा. हे वासाचं झालं. पण आपण तोंडात ज्याला चॉकलेट म्हणतो त्यातली अर्धी मजा वासाची नसतेच, ती असते कोको बटर जिभेवर वितळण्याची, ते साधारण ३४ अंशाला वितळतं म्हणजे तोंडाच्या उष्णतेच्या किंचित खाली, म्हणून तर रत्नागिरीच्या मे महिन्यात खिशातलं चॉकलेट खिशातच राहतं. वेपच्या लिक्विडमध्ये ही चरबी घालता येत नाही. मग तो मऊपणा आणायचा कुठून? तर क्रीम, बटर, कस्टर्ड असले फ्लेवर जोडीला घालून. म्हणजे चांगलं चॉकलेट लिक्विड बनवायला निघालेला माणूस हमखास लोण्याच्या वासाकडे जातो, आणि लोण्याचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल आणि त्याची भावंडं.

डायअ‍ॅसिटिल खाण्यात काही वाईट नाही, खऱ्या लोण्यातही असतं. पण २००० साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या एका मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातले ८ माजी कामगार फुफ्फुसाच्या एकाच दुर्मिळ आजाराने ग्रस्त निघाले, बारीक श्वासनळ्यांवर व्रण धरून त्या कायमच्या आवळल्या जातात असा तो आजार. पॉपकॉर्न खाऊन नव्हे, लोण्याच्या फ्लेवरच्या टाकीजवळ उभं राहून ती वाफ रोज छातीत जाऊन. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवरची वेप लिक्विडं तपासली तर ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडलं. आता खरं तेच लिहायचं तर वेपमुळे लोकांना तोच पॉपकॉर्नवाला आजार होतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि सिगारेटच्या धुरात तर डायअ‍ॅसिटिल ह्याच्याहून जास्त असतं, तेव्हा कुणी 'वेप केलं की पॉपकॉर्न लंग' असं छातीठोक सांगत असेल तर तेही अतीच. पण जे ओढून कामगारांची फुफ्फुसं गेली ते मी मुद्दाम बाटलीत मोजून घालू का, ह्याचं उत्तर द्यायला वेगळं संशोधन कशाला पाहिजे?

डायअ‍ॅसिटिल नसलेले फ्लेवरही मिळतात, पण मग व्हॅनिलिन आहे. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये नुसतं पडून राहिलं तरी दोघांची जोडी जमून नवंच रसायन तयार होतं आणि ते श्वासनळीला मूळ व्हॅनिलिनपेक्षा जास्त झोंबतं, हे २०१८ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलंय. म्हणजे ज्याला ही मंडळी मुरवणं म्हणतात त्यात चव जमते तसं हेही जमत असतं. आणि गोडीसाठी सुक्रालोज घातलं तर ते तापून फुटतं नि त्यातलं क्लोरीन नको त्या रूपात बाहेर येतं, साखर घातली तर करपते. ह्यातला कुठला भाग तू घरी काट्यावर मोजणार?

ग्लिसरीनचं राहिलंच. ओठांना लावायला, केकमध्ये घालायला म्हणून आणलेली बाटली कुठल्या प्रतीची आहे ते लेबलवर बघितलंस का? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाची भेसळ निघाली आणि १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, आमच्या पिढीतल्या फार्मसीवाल्यांना तो अहवाल पाठ आहे. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला, चवीला, घट्टपणाला ग्लिसरीनसारखंच, घरी ओळखायचा काहीही मार्ग नाही. औषधी प्रतीच्या ग्लिसरीनला आता त्याची चाचणी करावी लागते, रंगाच्या नि साबणाच्या कामाच्या ड्रममधून भरलेल्या बाटलीला कोण करतंय.

तर असं आहे. उरलेलं मिश्रण सांडपाण्यात नको, लाकडाच्या भुशात किंवा जुन्या कागदात शोषून कचऱ्यात टाक. खोकला अजून असेल, धाप लागत असेल, ताप असेल तर मालवणात नाहीतर ओरोसला छातीचा एक्स-रे काढून घे आणि डॉक्टरला काय ओढलं ते स्पष्ट सांग, कोको पावडरसकट, लाजू नको, नाहीतर तो बिचारा साध्या न्यूमोनियाची औषधं देत बसेल. आणि जाता जाता, तू जहाजावरचा आहेस म्हणून सांगतो, सिंगापूरला २०१८ पासून वेप नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. दुबईत चालतं म्हणून सगळ्या बंदरात चालतं असं समजून बॅग उघडी टाकू नको.

प्रश्न : काका, लिक्विड चॉकलेटचं पण निकोटीन कुठून आणायचं? एका मित्राने सांगितलं की साधी तंबाखू ग्लिसरीनमध्ये आठवडाभर भिजवून गाळून घेतली की निकोटीन उतरतं. खरं आहे का? – राजापूर

उत्तर : उतरतं. किती उतरतं ते मित्राला विचार, नाही सांगता येणार त्याला. पानागणिक, जातीगणिक निकोटीन कमीजास्त असतं, म्हणजे एका बाटलीत काहीच नाही आणि दुसरीत भलतंच, आणि तुला कळेल ते चक्कर येऊन ओकारी झाल्यावर. तुझ्या आजोबांना विचार, मावा कीड पडली की तंबाखूचा काढा फवारायचे ना झाडांवर? तेच हे. शिवाय तंबाखूबरोबर नायट्रोसअमाइन्स येतात, कॅन्सरवाले, आणि पानातले डिंक-राळ, जे तारेवर करपणार. हे करायचं नाही, विषय संपला.

तयार जास्त तीव्रतेचं निकोटीन ऑनलाइन कुणी पाठवत असेल तर तेही नको. ते कातडीतून आत जातं. हातावर सांडलं तर लगेच साबण-पाण्याने भरपूर धुवायचं, कपडे भिजले तर काढून टाकायचे. युरोपात विकायच्या लिक्विडला मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा घालून दिलीय आणि बाटली १० मिलिलिटरच्या वर नाही, ती काय उगाच नाही.

प्रश्न : काका, माका एक सांगा. ह्यात निकोटीन घालूकच नाय, नुसतो चॉकलेटचो वास, मगे पोलीस माका कित्याक धरतले? – कुडाळ

उत्तर : धरू शकतले! केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला, आणि त्यात ई-सिगारेटची व्याख्याच अशी आहे की जे यंत्र एखादा पदार्थ तापवून ओढायची वाफ करतं ते, मग त्यात निकोटीन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो. त्यामुळे 'निकोटीन नाय' हो बचाव चालणा नाय.

बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद, पूर्ण वस्तू असो की तिचा एखादा भाग. पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. नुसतं ओढण्याला ह्या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, हे बरोबर, आणि लोक तेवढंच वाक्य धरून बसतात. पण दुबईहून आणलंत की आयात, मित्राला दिलंत की वाटप, मग उरलं काय. लिक्विड म्हणजे यंत्र नव्हे असा वाद वकील घालतील कोर्टात, तारखा पडतील, तुमची दोन वर्षं ओरोसच्या फेऱ्यांत जातील. कशाक?

प्रश्न : आमचा तारकर्लीला होमस्टे आहे. पुण्या-मुंबईची पोरं येतात, चॉकलेट फ्लेवर आहे का असं आमच्या पोऱ्याला विचारतात. गावातला एक मुलगा म्हणतो, मी बाटल्या बनवून देतो, तुमच्याकडे नुसत्या ठेवा, विक्रीचं मी बघतो, तुम्हाला कमिशन. ठेवायला काय हरकत? – तारकर्ली

उत्तर : हरकत सरळ तुमच्याच गळ्यात येणार. जागेचा मालक किंवा ताबा असलेला माणूस जाणूनबुजून ई-सिगारेटचा साठा आपल्या जागेत ठेवू देत असेल तर त्याला वेगळं कलम आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कमिशन घेतलंत म्हणजे विक्रीतही तुम्ही आलातच. त्या मुलाला म्हणावं सोलकढीच्या बाटल्या भर, कमिशन न घेता ठेवते.

एखादा पाहुणा ओढत बसला तर तुम्ही पोलीस होऊ नका, फक्त खोलीत आणि जेवणाच्या ठिकाणी नाही एवढी पाटी लावा. खोली साफ करताना राहिलेला पॉड किंवा छोटी बाटली सापडली तर ती उघडायची नाही, पोरांच्या हाती लागू द्यायची नाही. पॉडमध्ये लिथियमची बॅटरी असते, ती ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर जाळायला तर अजिबात टाकू नका, फुटते.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे. दप्तरात एक छोटी बाटली सापडली, वास अगदी चॉकलेटचा, आधी मला वाटलं केकचंच काहीतरी. रंग तपकिरी झालाय. घरात धाकटी मुलगी आहे तीन वर्षांची, तिने तर ते औषध म्हणून पिऊनच टाकलं असतं. मुलाला अजून काही बोलले नाही. यांना सांगितलं तर मारतील त्याला. काय करू? – चिपळूण

उत्तर : ताई, आधी धाकटीचं, कारण तो धोका आजचा आहे, मुलाचं दोन दिवसांनी बोललात तरी चालेल. ती बाटली आत्ता तिच्या हाताला लागणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा. तपकिरी रंगाने घाबरू नका, निकोटीन आणि व्हॅनिलिन दोन्ही हवेने, उजेडाने तसे काळवंडतात, पण त्याचा अर्थ बाटलीत निकोटीन असण्याची शक्यता धरूनच चालायचं. एक हिशोब बघा, २० मिलिग्रॅमवाली १० मिलिलिटरची बाटली म्हणजे २०० मिलिग्रॅम निकोटीन, तीन वर्षांच्या मुलीला त्यातला एखाद-दुसरा घोटसुद्धा जीवघेणा ठरू शकतो, आणि घरी मिसळलेलं असेल तर किती आहे तेही कळत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एक लहान मूल असंच लिक्विड निकोटीन पोटात जाऊन गेलं, त्यानंतर तिथं पोरांना न उघडणाऱ्या झाकणाचा कायदा झाला. चोरून विकल्या जाणाऱ्या बाटलीला तसलं झाकण असेलच असं नाही, आणि वास चॉकलेटचा.

कधी तसं झालंच तर लक्षणं लवकर दिसतात, उलट्या, तोंडातून लाळ, घाम, चेहरा पांढरा पडणं, मग झटके. मीठ-पाणी पाजून ओकारी काढायला जायचं नाही. १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल, आणि बाटली बरोबर न्यायची. कातडीवर सांडलं असेल तर धुवून काढायचं. लक्षणं दिसायची वाट बघत घरी थांबायचं नाही.

आता मुलाचं. यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, घर तुमचं, पण मारून हे सुटत नाही एवढं नक्की, उलट पुढची बाटली दप्तरात सापडणार नाही, दुसरीकडे असेल. त्याला चहाच्या वेळी शांतपणे बाटली दाखवा आणि पहिला प्रश्न 'का ओढतोस' हा नको, 'कोणी दिली आणि रोज लागते का' हा विचारा. रोज लागत असेल, सकाळी उठल्या उठल्या चिडचिड होत असेल तर निकोटीनची सवय लागलीय, मग लेक्चर देऊन उपयोग नाही, डॉक्टर लागेल. कधीतरी मित्रांत ओढली असेल तर बहुतेक वेळा वरच्या मालवणच्या उत्तरासारखं त्यात काय असतं ते सांगितलं की पोरं विचार करतात, अकरावी सायन्सला असेल तर तोच तुम्हाला अल्डिहाइड म्हणजे काय ते समजावेल बघा.

आणि देणारा मोठा माणूस असेल, टपरीवाला असो की कोणाचा दादा, तर अल्पवयीन मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, आणि वेपच्या कायद्याचं विक्रीचं कलम आहेच. तुमचं नाव पुढे येईल ही भीती असते, गाव लहान असतं, कळतं मला. कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत तक्रार गेली तर बरं पडतं.

प्रश्न : मी सिगारेटवाला, २० वर्षं झाली. इंग्लंडमध्ये डॉक्टर स्वतः सांगतात वेप घ्या म्हणून, मग इथंच बंदी का? चॉकलेट फ्लेवर घेऊन सिगारेट सुटत असेल तर वाईट काय? आमच्याकडे आई मिश्री लावते, तिचंही सुटलं तर बघायचंय. – देवगड

उत्तर : तुमचं म्हणणं अगदीच वेडगळ नाहीये. सिगारेटच्या धुरात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, वेपमध्ये काही जळत नाही त्यामुळे ते जवळपास नाही, आणि इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडायला वेप सुचवते हे खरं आहे. पण तिथं ती बाटली नोंदणी झालेली, निकोटीन मोजलेलं, डायअ‍ॅसिटिलला बंदी, आणि सोबत सल्ला देणारा माणूस. इथं तुम्हाला मिळणार ती बंदीतली, म्हणजे कुणीही न तपासलेली. बंदीने तपासणीचाही रस्ता बंद झाला ही माझी कुरकुर आहे, पण ती कुरकुर घेऊन तुम्ही काळ्या बाजारातली बाटली ओढावी असं मी म्हणणार नाही. शिवाय बरेच जण वेपवर जात नाहीत, दोन्ही ओढत बसतात.

तुमच्यासाठी मेडिकलमध्ये निकोटीनचा च्युइंगगम आहे, पॅच आहे. गम नेहमीच्या च्युइंगगमसारखा सटासट चावायचा नाही, थोडा चावायचा, तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचा, झिणझिणी गेली की परत. लोक भराभर चावतात, रस गिळतात, उचकी लागते आणि म्हणतात गमचा उपयोग नाही. २० वर्षांची सवय आहे तर डॉक्टरला भेटून डोस ठरवा, व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्याही चिठ्ठीवर मिळतात. सरकारची तंबाखू सोडायची मोफत लाइन आहे, १८००-११-२३५६, फोन करा, फुकट आहे.

आईंच्या मिश्रीचं मात्र वेपशी काही जुळत नाही. ती सवय हिरड्यांना आणि सकाळच्या वेळेला चिकटलेली असते, शौचाला साफ होत नाही त्याशिवाय असं बहुतेक आज्या सांगतात. एकदम डबा काढून घेऊ नका, वेळा कमी करत आणा, सकाळी गरम पाणी, दातांना साधं मंजन, आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का ते दंतवैद्याला एकदा दाखवून घ्या. ते आधी.

प्रश्न : नारळाच्या वाडीत कोकोची चाळीसेक झाडं आहेत, हौसेने लावलेली. भाचा म्हणतो, वेपवाल्यांना नॅचरल चॉकलेट फ्लेवर लागतो, आपण अर्क काढून विकू. जमेल का? – दापोली

उत्तर : भाच्याला सांगा, कोकोचं ताजं बी फोडून हुंगून बघ. चॉकलेटचा वास येतच नाही. पांढरा गर आंबटगोड, बी कडू-तुरट, बस्स. वास तयार होतो तो आधी ५-६ दिवस गरासकट आंबवल्यावर, मग वाळवल्यावर आणि शेवटी भाजल्यावर. आणि भाजून अर्क काढलात तरी त्यात कोकोची चरबी उतरणार, तिचं काय होतं ते वर लिहिलंय. वर कायदा. तेव्हा अर्क विसरा.

पण बी विका ना! झाडं नारळाच्या सावलीत खूश असतात, उन्हाळ्यात पाणी मात्र तोडू नका. आंबवताना पाटीत केळीच्या पानांत गच्च बांधून ठेवायचं, दर दोन दिवसांनी खालीवर करायचं, बियांना घाम सुटल्यासारखं होतं, हात घातला तर गरम लागतं, तसं लागलं नाही तर ढीग लहान पडतोय, शेजाऱ्याचा माल त्यात मिळवा. वाळवणं पावसाच्या आत उरकायचं, आपल्याकडे जूनमध्ये बी वाळत घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, ओलावा ७ टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे, मुठीत दाबलं की टरफल कडकड वाजतं. चांगलं आंबवलेलं बी घेणारे छोटे चॉकलेटवाले हल्ली शोधत फिरतात. किती आंबवलं, कसं वाळवलं ते वहीत लिहून ठेवा, ते आधी तेच विचारतात. माकडांचं आणि खारींचं काय करायचं ते मला विचारू नका, दापोलीच्या कृषी विद्यापीठात जा, त्यांचीही फळं खातात म्हणा ती.